मिरवणुकीचें छायाचित्र व त्याची साक्ष

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दप्तरें, ताम्रपट, शिलालेख आणि नाणीं उभीं राहतात. छायाचित्र हेंही एक साधन होय, ही गोष्ट तत्त्वतः कोणी नाकारीत नाहीं. परंतु व्यवहारांत त्याचा उपयोग ग्रंथास शोभा आणण्यापलीकडे क्वचितच केला जातो. पुण्यांत दर साल ज्येष्ठ-आषाढांत पालख्या येतात व भाद्रपदांत गणपतीची मिरवणूक निघते. या उत्सवांचीं, व त्यांस लोटलेल्या लोकसमुदायाचीं, छायाचित्रें शंभराहून अधिक वर्षें घेतलीं जात आहेत. हीं चित्रें वाचावीं कशीं, त्यांवर विश्वास कोठवर ठेवावा, आणि आज जे लोक तीं घेत आहेत त्यांनीं कोणती काळजी घेतली असतां तीं पुढील पिढीस उपयोगीं पडतील, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. बखर आणि अस्सल पत्र

१८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करतांना राजवाड्यांनीं बखर व अस्सल पत्र यांतील भेद मोठ्या आग्रहानें मांडला. बखर ही कोणास तरी कांहीं सांगण्याच्या हेतूनें मागाहून रचलेली असते. पत्र हें त्या क्षणाच्या कामासाठीं लिहिलेलें असतें, आणि पुढें कोणी इतिहासकार तें वाचील ही कल्पनाही लिहिणाराच्या मनांत नसते. म्हणून पत्राची साक्ष अधिक मोलाची. हाच भेद छायाचित्रांस लावून पाहण्यासारखा आहे. पडद्यापुढें खुर्ची मांडून, अंगरखा व उपरणें नीट करून काढविलेलें चित्र हें बखरीच्या जातीचें होय. त्यांत मनुष्य आपण कसें दिसावें हें स्वतः ठरवितो. मिरवणुकीच्या चित्रांत तसें होत नाहीं. छायाचित्रकाराचें लक्ष देवाकडे, पालखीकडे किंवा एखाद्या पुढाऱ्याकडे असतें. परंतु भिंगापुढें जें जें येईल तें तें कांच निमूटपणें टिपून घेते. खांद्यावर मूल घेतलेला बाप, फुटाणे विकणारा, सज्जांतून वाकलेल्या मुली, दिव्याच्या खांबावर चढलेला पोर, दुकानाची पाटी, यांपैकीं कोणासही आमंत्रण नसतें. या अनाहूत साक्षीदारांतच अशा चित्राचें खरें मोल आहे.

छायाचित्रण निघण्यापूर्वीं ही सोय नव्हती. १७९० नंतरच्या कांहीं वर्षांत पुण्यांत इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानें जेम्स वेल्स हा चितारी काम करीत होता, व गंगाराम तांबट हा आपला कारागीर त्याच्याबरोबर चित्रें काढीत असे. वेल्स १७९५ सालीं वारला. पुढें त्याच्या रेखाटनांच्या आधारें टॉमस डॅनिएल यानें सवाई माधवरावांच्या दरबाराचें मोठें तैलचित्र पुरें केलें. चित्र उत्तम आहे. परंतु त्यांतील प्रत्येक चेहरा कोणीतरी निवडून तेथें बसविलेला आहे. दरबारास हें चालतें. रस्त्यावरील समुदायास चालत नाहीं, कारण समुदाय म्हणजेच न निवडलेलीं माणसें.

२. यंत्र, ऋतु आणि उजेड

तथापि कांच जें टिपते तें सर्व खरें व जें टिपत नाहीं तें नव्हतेंच, असें समजणें मोठें धोक्याचें आहे. यंत्राच्या मर्यादा ठाऊक नसतील तर चित्र वाचणारा फसतो.

१८३९ सालीं फ्रान्समध्यें छायाचित्रणाची युक्ति जाहीर झाली व १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे होते. परंतु त्या काळची ओल्या कांचेची रीत मिरवणुकीस सर्वथा गैरसोयीची होती. कांचेवर द्रव्य ओतावयाचें, ती ओली असतांच यंत्रांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं जागेवरच अंधाऱ्या राहुटींत धुवावयाची. शिवाय भिंग कित्येक सेकंद उघडें ठेवावें लागे. तेवढ्या वेळांत जो हलला तो पुसट झाला, व जो चालत निघून गेला तो चित्रांत उमटलाच नाहीं. यास्तव त्या काळच्या चित्रांत बाजारपेठेचा रस्ता ओस दिसला तर तो ओस होता असें अनुमान काढूं नये. घरें स्थिर असतात म्हणून तीं राहिलीं, आणि माणसें चालतीं होतीं म्हणून तीं गेलीं, एवढाच त्याचा अर्थ.

१८८० च्या सुमारास कोरड्या कांचा बाजारांत आल्या, आणि १८८८ सालीं गुंडाळीच्या फितीचा हातांत धरण्याजोगा कोडॅक कॅमेरा निघाला. सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र घेणें आतां शक्य झालें. पुण्यांतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रारंभ १८९२ सालीं झाला कीं १८९३ सालीं, हा वाद येथें अप्रस्तुत आहे. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ही मिरवणूक व चालता समुदाय टिपूं शकणारा कॅमेरा हीं दोन्हीं पांच-दहा वर्षांच्या अंतरानें जन्मास आलीं. पालखीचा सोहळा मात्र कॅमेऱ्याहून पुष्कळ जुना आहे. तिकडे पुढें चलच्चित्रानेंही हें काम हातीं घेतलें. रँग्लर परांजपे १९०१ च्या डिसेंबरांत विलायतेहून परत आले, तेव्हां मुंबईस चौपाटीवर त्यांच्या स्वागतास जमलेल्या समुदायाचें चलच्चित्र हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं घेतलें होतें.

यंत्र सुधारलें तरी ऋतु बदलत नाहीं. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यांत येतात त्या ज्येष्ठ वद्यांत, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. एक पालखी भवानी पेठेंत पालखी विठोबाच्या देवळांत व दुसरी नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाच्या देवळांत उतरते. गणपतीची मिरवणूक अनंत चतुर्दशीस, म्हणजे बहुधा सप्टेंबर महिन्यांत, ढगाळ आभाळाखालीं निघते. मंद फितींच्या काळीं अशा उजेडांत चालत्या दिंडीचें स्वच्छ चित्र घेणें कठीण पडे. म्हणून उतरलेल्या पालखीचीं चित्रें घेणें छायाचित्रकारास सोयीचें, व चालत्या वारकऱ्यांचीं अवघड. अशा जुन्या चित्रांवरून वारी ही बसलेली दिसली तर तो दोष वारीचा नव्हे, उजेडाचा आहे.

रात्रीची गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. मॅग्नेशियमची पूड पेटवून रात्रीं चित्र घेतां येई, पण तिचा उजेड जवळच्या चारदोन रांगांवर पडतो व मागील हजारों माणसें काळोखांत नाहींशीं होतात. अलीकडच्या दशकांत पुण्याची विसर्जन-मिरवणूक चोवीस तासांहूनही अधिक चालते. तींत कसबा गणपति, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग व केसरीवाडा हे पांच मानाचे गणपति दिवसा पुढें जातात, आणि दिव्यांची आरास करणारीं मंडळें रात्रीं निघतात. यावरून असें कीं, जोंवर कॅमेऱ्यास काळोखांत दिसत नव्हतें तोंवर जें दिवसा गेलें त्याचेंच दर्शन आपणांस अधिक घडणार. चित्रांची संख्या पाहून कोणतें मंडळ लोकप्रिय होतें हें ठरवूं पाहणाराची यानें फसगत होईल.

३. चित्र वाचण्याची रीत

आतां प्रत्यक्ष वाचनाकडे वळूं. पुठ्ठ्यावर चिकटविलेली एक प्रत हातीं आली असून मागें शाईनें ‘गणपति, पुणें, १९१२’ एवढेंच लिहिलें आहे, असें समजूं. तिची परीक्षा कशी करावी?

प्रथम मागील अक्षरावर विसंबूं नये. तें मागाहून, घरांतील कोणी आठवणीवरून लिहिलेलें असूं शकतें. चित्रांतील वस्तूंकडे पाहावें. समुदायांत नौकेच्या आकाराच्या पांढऱ्या खादीच्या टोप्या सर्रास दिसत असतील तर चित्र १९२०-२१ च्या असहकारितेच्या चळवळीपूर्वींचें असण्याचा संभव फार थोडा. मंडईजवळ लोकमान्यांचा पुतळा दिसत असेल तर चित्र १९२४ नंतरचें, कारण पुतळा त्या सालीं उभारला गेला. मंडईची इमारत मात्र १८८६ ची. तिच्या मनोऱ्यावरून याहून बारीक काळ ठरत नाहीं. मशाली, गॅसच्या बत्त्या, विजेचे दिवे. बैलगाडी, मोटार-ट्रक, ट्रॅक्टर. कर्णा लावलेला लाउडस्पीकर, या क्रमानेंही काळाचा अंदाज येतो. यांतील प्रत्येक खूण ‘याच्या आधींचें नव्हे’ एवढेंच सांगते. ‘याच्या नंतरचें नव्हे’ हें सांगणारी खूण विरळा, कारण पगडी घालणारा म्हातारा टोपीच्या काळांतही पगडीच घालीत राहतो.

मूर्तीवरून साल ओळखण्याचा मोह टाळावा. भाऊसाहेब रंगारी यांच्या गणपतीची राक्षसाचा वध करणारी मूर्ति आरंभापासून जतन केलेली आहे. ती ज्या चित्रांत दिसेल त्या चित्राचें मंडळ कळतें, साल कळत नाहीं. तिथि दिली असेल तर मात्र जंत्रीचा उपयोग करावा. स्वामिकन्नू पिल्ले यांच्या कोष्टकांवरून कोणत्याही सालची अनंत चतुर्दशी इंग्रजी कोणत्या तारखेस आली हें काढतां येतें, व मागील तारीख तिच्याशीं जुळत नसेल तर दोहोंपैकीं एक चूक ठरते.

दुसरी परीक्षा रंगाची. जुन्या कांचांस निळा रंग फार लवकर दिसे व तांबडा जवळजवळ दिसतच नसे. सर्व रंग ग्रहण करणाऱ्या कांचा १९०६ पासून विक्रीस आल्या, आणि त्या सर्वत्र रूढ होण्यास आणखी बराच काळ गेला. परिणामीं जुन्या चित्रांत लाल पगडी काळी दिसते, भगवें निशाण काळें दिसतें, शेंदूर चर्चिलेला देव काळा दिसतो, आणि गुलालानें माखलेले चेहरे मळके दिसतात. उलट निळें वस्त्र पांढरें भासतें. हें ज्यास ठाऊक नाहीं तो भगव्या झेंड्यांच्या मिरवणुकीस काळीं निशाणें दाखविणाऱ्यांची मिरवणूक समजेल, आणि उत्सवाचें चित्र निषेधाचें म्हणून छापील.

तिसरी परीक्षा उजव्या-डाव्याची. मूळ कांच उलटी धरून प्रत काढली असतां चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटें होतें. डाव्या सोंडेचा गणपति उजव्या सोंडेचा होतो, आणि भाविकांत त्या दोहोंचा अर्थ केवढा निराळा आहे हें सांगावयास नको. यास्तव प्रथम दुकानाच्या पाट्या सरळ वाचतां येतात कीं नाहीं हें पाहावें. पाटी नसेल तर सूर्यास विचारावें. आजच्या मार्गानें मिरवणूक मंडईजवळून उत्तरेस निघून बेलबाग चौकांत लक्ष्मी रस्त्यास लागते व पश्चिमेस लकडी पुलाकडे जाते. सप्टेंबरांत सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेस मावळतो. म्हणून लक्ष्मी रस्त्यावर दुपार कलल्यानंतर चालणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ऊन असतें व सावल्या मागें पडतात. सकाळीं याच्या उलट. मंडईकडून येणाऱ्या उत्तराभिमुख तुकड्यांस मात्र दुपारनंतरचें ऊन डाव्या गालावर लागतें. जागा ठाऊक असून चित्रांत तें उजव्या गालावर दिसलें तर चित्र सकाळचें आहे, नाहीं तर प्रत उलटी आहे. एवढ्या एका निरीक्षणावरून यांपैकीं कोणतें खरें हें ठरवितां येत नाहीं.

पालखीच्या बाबतींत आणखी एक सोय आहे. रथापुढील व रथामागील दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. या पालखी-सोहळ्याचें वर्णन डेल्युरी यांनीं विठोबासंप्रदायावरील आपल्या ग्रंथांत केलें असून तो ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें १९६० सालीं प्रसिद्ध केला. अशा लेखी वर्णनाशीं चित्रांतील पताका व दिंड्यांचे क्रमांक ताडून पाहिले असतां, क्रमांत कोठें बदल झाला कीं काय हें कळूं शकतें. गणेशोत्सवापुरतें हेंच काम ज. स. करंदीकर यांच्या ‘श्रीगणेशोत्सवाचीं साठ वर्षें’ (१९५३) या ग्रंथाच्या साहाय्यानें करतां येईल.

४. समुदायाची गणती

‘लाखों लोक जमले होते’ हें वाक्य वर्तमानपत्रांत दर साल येतें. छायाचित्रावरून या वाक्याची परीक्षा कांहीं अंशीं करतां येते. हर्बर्ट जेकब्स या अमेरिकन पत्रकारानें विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत एक साधी रीत घालून दिली: जागेचें क्षेत्रफळ काढावें, विरळ समुदायांत माणशीं दहा चौरस फूट व दाट समुदायांत माणशीं साडेचार चौरस फूट धरावे, आणि भागाकार करावा. चाळीस फूट रुंद रस्त्याचा दोनशें फूट लांबीचा तुकडा चित्रांत दिसत असेल तर क्षेत्रफळ आठ हजार चौरस फूट झालें. त्यांत विरळ समुदाय आठशें माणसांचा व दाट समुदाय सुमारें पावणे अठराशेंचा. पाहणारास मात्र तेथें दहा हजार माणसें असल्याचा भास होतो.

हा भास कां होतो, हेंही समजून घेतलें पाहिजे. कॅमेरा माणसाच्या उंचीवर धरला असतां पुढचीं डोकीं मागच्या मोकळ्या जागा झांकतात. दूरचें जवळ आणणारें भिंग लावलें तर शंभर फुटांचें अंतर दहा फुटांत चेपल्यासारखें दिसतें. उंच सज्जांतून घेतलेल्या चित्रांत त्याच समुदायांतील मोकळ्या जागा उघड्या पडतात. म्हणजे एकाच क्षणीं, एकाच चौकांत, दोन छायाचित्रकार परस्परविरुद्ध वाटणारीं व तरीही खरीं चित्रें घेऊं शकतात. शिवाय चित्र एका क्षणाचें असतें. चोवीस तासांत किती लोक येऊन गेले, याचें उत्तर एका चित्रांत नाहीं. त्यास एकाच जागेवरून ठराविक वेळानें घेतलेलीं अनेक चित्रें लागतील.

५. कॅमेरा कोठें उभा होता?

आतांपर्यंत यंत्राची साक्ष तपासली. यंत्र धरणाराची तपासणी राहिली. गणेशोत्सवाच्या आरंभींच्या वर्षांविषयीं आपली लेखी माहिती मुख्यतः पक्षांची आहे. ‘केसरी’ एक सांगतो, ‘सुधारक’ दुसरें सांगतो, आणि पोलिसांच्या टिपणांचा सूर तिसराच असतो. १८९४ सालीं दारूवाला पुलाजवळ मेळ्याच्या मिरवणुकीवरून दंगा झाला, त्याचीं वर्णनें वाचलीं म्हणजे ही अडचण नीट कळते. अशा वेळीं मनांत येतें कीं, एखादें छायाचित्र असतें तर वाद मिटला असता. हा भ्रम आहे. छायाचित्रकारही कोणाच्या तरी सज्जांत, कोणाच्या तरी परवानगीनें उभा असतो. पोलिसांच्या रांगेमागून घेतलेल्या चित्रांत समुदाय अंगावर येणारा दिसतो. समुदायांतून घेतलेल्या चित्रांत पोलिसच अंगावर येतात. कांच खोटें बोलत नाहीं. पण तिला कोठें उभें केलें यावर ती काय बोलेल हें ठरतें.

याचें दुसरें टोंक आकाशांतून घेतलेल्या चित्रांत दिसतें. उद्धव ठाकरे यांनीं वारीचीं अशीं चित्रें घेऊन ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकांत प्रसिद्ध केलीं आहेत. वरून पाहिलें असतां वारीचा विस्तार, तिची वाट, तिचा ओघ हीं एका दृष्टिक्षेपांत कळतात. हें जमिनीवरून कधींच शक्य नव्हतें. परंतु वरून चेहरा दिसत नाहीं. उलट पुण्याचे छायाचित्रकार संदेश भंडारे यांनीं ‘वारी : एक आनंदयात्रा’ या पुस्तकासाठीं वारकऱ्यांबरोबर जमिनीवर राहून चित्रें घेतलीं. एका प्रकारास दुसऱ्याहून श्रेष्ठ म्हणण्याचें कारण नाहीं. लढाईचा नकाशा व शिपायाचें घरीं पाठविलेलें पत्र हीं दोन्हीं इतिहासास लागतातच.

समुदायांतील स्त्रियांचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे. मिरवणुकीचीं लेखी वर्णनें पुढारी, मेळे व वाद्यें यांनीं भरलेलीं असतात. स्त्रिया कोठें होत्या हें तीं क्वचितच सांगतात. चित्रांत मात्र त्या रस्त्यावर आहेत कीं सज्जांत, एकट्या आहेत कीं घोळक्यानें, नुसत्या पाहत आहेत कीं ढोल वाजवीत आहेत, हें न विचारतां दिसतें. निरनिराळ्या दशकांतील, जागा व वेळ ठाऊक असलेलीं चित्रें ओळीनें मांडलीं, तर स्त्री सज्जांतून रस्त्यावर केव्हां उतरली या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही दप्तरापेक्षां तेथें अधिक नेमकें मिळेल. जागा व वेळ ठाऊक नसेल तर तींच चित्रें मुकीं होतात.

याबरोबर एक मर्यादाही सांगितली पाहिजे. समुदायांतील माणसानें आपलें चित्र काढण्यास संमति दिलेली नसते. भजनांत देहभान विसरलेला वारकरी, नदीवर स्नान करणाऱ्या बायका, थकून रस्त्याच्या कडेस निजलेली म्हातारी, हीं सर्व इतिहासाचीं साक्षीदार आहेत. पण तीं प्रथम माणसें आहेत. ज्या चित्रानें त्यांस घरीं खालीं पाहावें लागेल तें न घेतल्यानें इतिहासाचें फारसें नुकसान होत नाहीं.

६. आज काय करावें

पुण्यांतील जुने वाडे एकेक करून पडत आहेत, आणि त्यांच्या माळ्यांवरील पेट्यांतून निघणाऱ्या कांचा व प्रती रद्दींत जात आहेत. १९६१ च्या १२ जुलैस पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरांचे कागद व चित्रें एका दिवसांत चिखल होऊन गेलीं. आजचा धोका निराळा आहे. आतां समुदायांतील जवळजवळ प्रत्येक हातांत कॅमेरा असलेला दूरध्वनि आहे व एका मिरवणुकींत असंख्य चित्रें घेतलीं जातात. परंतु नोंद नसलेलें चित्र हें मिति नसलेल्या पत्राप्रमाणें होय. अशा यंत्रांत चित्राच्या पोटांत वेळ व कधीं कधीं जागाही आपोआप लिहिली जाते हें खरें. तथापि घड्याळ चुकीचें असेल तर ती नोंद खोटी ठरते, आणि चित्र एकाकडून दुसऱ्याकडे पाठवितांना ती पुष्कळदां गळून पडते. तिसऱ्या माणसापर्यंत पोचेतों तें चित्र पुन्हा निनांवी झालेलें असतें.

म्हणून छायाचित्रकारांस विनंति अशी कीं, चित्राबरोबर पांच गोष्टी लिहून ठेवाव्या: तिथि, तारीख व वेळ, उभें राहण्याची जागा व तोंडाची दिशा, जमिनीपासून उंची व भिंग कोणतें, चित्रांत कोणतें मंडळ अथवा कोणती दिंडी आहे, आणि चित्र कोणासाठीं व कोणाच्या परवानगीनें घेतलें. सुंदर साधलेल्या चित्राबरोबर त्याच्या आगेमागें घेतलेलीं फसलेलीं चित्रेंही ठेवावीं; अनाहूत साक्षीदार त्यांतच अधिक सांपडतात. आणि दर साल निदान एका चौकांत, एकाच खिडकींतून, दर तासानें एक याप्रमाणें चित्र घेण्याचा नेम कोणीतरी धरावा. त्यास प्रतिभा लागत नाहीं, नेम लागतो.

ज्यांच्या घरीं जुन्या प्रती आहेत त्यांनीं त्या पुसूं नयेत, कापूं नयेत, व मागील अक्षर चुकीचें वाटलें तरी खोडूं नये. आपली माहिती निराळ्या कागदावर लिहून बरोबर ठेवावी. घरांतील वडील मंडळी हयात आहेत तोंवर चित्रांतील जागा व माणसें त्यांजकडून ओळखून घ्यावीं. चित्र आणखी पन्नास वर्षें टिकेल. त्यांतील मुलगा कोण, हें सांगणारें माणूस टिकणार नाहीं.